इंग्रजी शंका-समाधान : 'मोअर टॉलर' का चालत नाही?

प्रश्न : सातवीतला मुलगा 'मोअर टॉलर', 'मोअर बेटर' असं लिहितो. 'मोअर' कधी लावायचं आणि शेवटी ई-आर कधी, हे त्याला कसं समजावू?

उत्तर : चूक येते ती मराठीतून. 'राजू संजूपेक्षा उंच आहे' यात 'उंच' जागचा हलत नाही. सगळं काम 'पेक्षा' करतो. इंग्रजीत 'दॅन' असूनही विशेषणाचं रूप बदलावंच लागतं. मुलाच्या मनात 'जास्त उंच' असतं, त्यातल्या 'जास्त'साठी तो 'मोअर' घालतो आणि वर शाळेत घोकलेलं 'टॉलर'ही ठेवतो. शेक्सपिअरच्या काळी अशी दुहेरी रूपं चालत. आजच्या उत्तरपत्रिकेत गुण जातील.

शब्द मोठ्याने म्हणायला सांगा आणि सिलॅबल (म्हणजे एका झटक्यात उच्चारले जाणारे शब्दाचे तुकडे) मोजा, स्पेलिंगमधली अक्षरं नव्हे. 'स्ट्रेंज'मध्ये अक्षरं 7, पण सिलॅबल एकच, म्हणून 'स्ट्रेंजर'. तीन किंवा अधिक सिलॅबल असतील तर 'मोअर' : मोअर ब्यूटिफुल, मोअर डिफिकल्ट. ('अनहॅपी' मात्र 'अनहॅपियर' होतं.) खरी गंमत दोन सिलॅबलच्या शब्दांत आहे. शेवटी वाय असेल तर त्याचा आय करून ई-आर : ईझियर, हॅपियर. 'केअरफुल', 'मॉडर्न' यांना 'मोअर'. 'क्लेव्हर', 'सिंपल', 'नॅरो' यांना दोन्ही चालतं. तिथे मुलाला अडवू नका.

स्पेलिंग बहुतेकदा 'बिगर', 'हॉटर', 'थिनर' इथे चुकतं. एक सिलॅबल, एकच स्वर आणि शेवटी एकच व्यंजन असेल, तर ते व्यंजन दोनदा लिहायचं. 'क्लीन'मध्ये स्वर दोन आहेत, 'फास्ट'च्या शेवटी व्यंजनं दोन आहेत. तिथे काही वाढत नाही. 'स्लो', 'न्यू' यांच्या शेवटचा डब्ल्यूही दोनदा येत नाही.

आणि 'खूप जास्त चांगला'साठी 'व्हेरी बेटर' नको, 'मच बेटर'.

प्रश्न : 'माय ब्रदर इज एल्डर दॅन मी' हे वाक्य चुकीचं का?

उत्तर : 'एल्डर'नंतर 'दॅन' येत नाही. 'माय एल्डर ब्रदर' बरोबर. तुलना करायची तर 'ओल्डर दॅन मी'. शिवाय 'एल्डर' बहुधा घरच्या नात्यांतच वापरतात; वस्तू आणि इमारतींना 'ओल्डर'च. 'सीनियर', 'ज्युनियर', 'सुपीरियर', 'इन्फीरियर' ही लॅटिनमधून आलेली रूपं. त्यांच्यापुढे 'दॅन' नाही, 'टू'. त्यांना 'मोअर'ही जोडू नका.

प्रश्न : 'लेटेस्ट' आणि 'लास्ट' यांत फरक काय?

उत्तर : लेखकाचं 'लेटेस्ट' पुस्तक म्हणजे आतापर्यंतचं सर्वांत नवं; पुढचं येऊ शकतं. 'लास्ट' म्हटलं की शेवटचं असा अर्थ निघू शकतो. हयात लेखकाबद्दल लिहिताना जपून! 'लेटर' आणि 'लॅटर' यांतही गफलत होते : एक टी असलेला 'लेटर' वेळेचा, म्हणजे नंतर, दोन टी असलेला 'लॅटर' म्हणजे सांगितलेल्या दोहोंपैकी दुसरा. तीन गोष्टी सांगितल्या असतील तर 'लॅटर' वापरू नका, 'द लास्ट' लिहा.