पाहिजे की पाहिजेत?

प्रश्न असा आला आहे: ‘मला चार आंबे पाहिजेत’ यात मागणारा मी एकटा, मग क्रियापद अनेकवचनी का?

कारण इथे क्रियापद वचन घेतं ते आंब्यांचं. आंबा पाहिजे, आंबे पाहिजेत, आहे-आहेत तसंच. ‘कामाला मुली पाहिजे’ अशा पाट्या वाचून डोकं उठतं. तो ‘त’ शोभेचा नाही हो!

शालेय व्याकरणं ‘पाहिजे’ला गौण, म्हणजे अनियमित, क्रियापदांत टाकतात आणि त्याचा धातू निश्चित सांगता येत नाही म्हणतात. का येत नाही? ‘पाह’ ढळढळीत समोर आहे! संस्कृत कर्मणीतला ‘य’ प्राकृतात ‘इज्ज’ झाला, जुन्या मराठीत ‘इजे’: करिजे, बोलिजे, म्हणिजे. पाहिजे म्हणजे पाहिलं जातं, शोधलं जातं. माणूस शोधतो ते त्याला हवंच असतं. आत्ता लिहिलेलं ‘म्हणजे’ही त्याच घरातलं, ‘म्हणिजे’चं झिजलेलं रूप. हिंदीतलं ‘चाहिए’ तर सख्खं भावंड, ‘चाहना’चं जुनं कर्मणी. तिकडे बहुतेक जण ‘दो किताबें चाहिए’ लिहितात. आपला ‘त’ त्याच्याच संगतीने गळतोय, असं माझं ठाम मत आहे. आणि हीच शालेय व्याकरणं पुराणकर्मणी (जुन्या काव्यातला कर्मणी प्रयोग) शिकवताना ‘नळे इंद्रासी ऐसे बोलिजेले’ पाठ करून घेतात! ‘बोलिजेले’तला ‘ज’ दिसतो, ‘पाहिजे’तला दिसत नाही?

राहता राहिला कर्ता. धातूला ‘णारा’ लावून ‘कोण’ विचारायची युक्ती इथे चालत नाही, ‘पाहिजेणारा’ होतच नाही. संस्कृत व्याकरणकार पाणिनी ‘स्वतन्त्रः कर्ता’ म्हणतो (अष्टाध्यायी १.४.५४), त्याचा कर्ता क्रियेत स्वतंत्र असतो, क्रियापद त्याच्या वचनाने चालो वा न चालो. इंग्रजी ‘सब्जेक्ट’ला आपण तेच नाव दिलं आणि घोळ सुरू झाला. ‘पत्र वाचून मला रडू आलं’ बघा: ‘आलं’ चालतं ‘रडू’प्रमाणे, पत्र वाचणारा मात्र मी. सब्जेक्टची कामं दोघांत वाटली गेली. कन्नड ‘ननगे बेकु’ (मला हवं), जर्मन ‘मिर इस्ट काल्ट’ (मला थंडी वाजते), दोन्हीकडे अनुभवणारा असाच ‘मला’मध्ये.

पण सगळीकडे ‘मला’ घालू नका: ‘गेलं पाहिजे’त माणूस अनुभवणारा नाही, जाणारा आहे. ‘त्याने गेलं पाहिजे’, तसं ‘मी गेलं पाहिजे’. ‘मला गेलं पाहिजे’ माझ्या कानाला खटकतं.