वाचक विचारतात : वॉलपेपर निवडताना

प्रश्न : आमच्या झोपण्याच्या खोलीतील एका भिंतीला खालून ओल येते आणि रंगाचे पोपडे सुटतात. पुन्हा पुन्हा रंग काढण्यापेक्षा तिथे जाड विनाइल वॉलपेपर लावावा, असे घरात ठरत आहे. हा वॉलपेपर धुता येतो, म्हणजे ओलही त्याला बाधणार नाही, असा आमचा समज आहे. तो बरोबर आहे का?

उत्तर : आपला समज अर्धा बरोबर आहे आणि फसगत नेमकी त्या अर्ध्यामुळेच होते. विनाइलवर प्लास्टिकचा थर असल्यामुळे समोरून उडालेले पाणी आत शिरत नाही, हे खरे. पण भिंतीतून बाहेर पडू पाहणारी वाफही तोच थर अडवतो. ही ओल कागदामागे कोंडते, खळ सैल पडते आणि अंधारात बुरशी धरते. सांध्यापाशी काळपट ठिपके दिसू लागतात तोवर मागची बरीचशी भिंत बुरशीने व्यापलेली असते. शेले या रसायनशास्त्रज्ञाने १७७५ मध्ये तयार केलेला आर्सेनिकयुक्त हिरवा रंग १९ व्या शतकात वॉलपेपरवर सर्रास वापरला जाई, आणि दमट भिंतीवरील बुरशी अशा रंगातून विषारी वायू सोडू शकते, असे त्याच शतकाच्या अखेरीस दिसून आले. तो रंग आता इतिहासजमा झाला असला, तरी ओल आणि बुरशी यांचे नाते तसेच आहे.

म्हणून आधी ओल कोठून येते ते पाहावे. हातभर लांबीरुंदीचा जाड प्लास्टिकचा तुकडा भिंतीवर ठेवून त्याच्या चारही कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात आणि २ दिवसांनी तो काढावा. भिंतीकडच्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले, तर ओल भिंतीतूनच येत आहे. खोलीकडच्या बाजूला दिसले, तर दोष खोलीतील दमट हवेचा आहे आणि वारा खेळता ठेवल्याने बराच फरक पडेल. भिंतीतील ओलीचे मूळ गळक्या नळात, बाहेरच्या गिलाव्याच्या भेगेत किंवा पायातून चढणाऱ्या पाण्यात असू शकते. ते दुरुस्त केल्यावरही जाड भिंत सुकायला काही महिने लागतात आणि त्या काळात तिच्यावर काहीही न चिकटवणे हेच शहाणपणाचे. पुढे वॉलपेपर लावाल, तो विनाइलचा थर नसलेला, वाफ जाऊ देणारा साधा कागदी किंवा नॉन-वोव्हन, म्हणजे न विणता तंतू एकत्र दाबून केलेला, असावा.

प्रश्न : बैठकीची खोली लहान आणि थोडी अंधारी आहे. मला मोठ्या फुलांची नक्षी आवडली आहे, पण लहान खोलीत बारीक नक्षीच हवी, असे सगळे सांगतात. काय करावे?

उत्तर : हा नियम जितक्या ठामपणे सांगितला जातो तितका तो पक्का नाही. अगदी बारीक बुट्टी चार पावले मागे गेल्यावर एकमेकींत मिसळतात आणि भिंत नुसती मळकट दिसते, असे पुष्कळदा होते. मोठी फुले एकाच भिंतीवर, तीही कपाट किंवा दार मध्ये येऊन फूल अर्धवट कापले जाणार नाही अशा भिंतीवर लावली आणि बाकीच्या भिंती त्याच कागदातील सर्वांत फिक्या छटेने रंगवल्या, तर खोली कोंदट वाटणार नाही.

निर्णय मात्र पुस्तकातील नमुना पाहून घेऊ नये. नक्षीचे एक आवर्तन पूर्ण दिसेल एवढा तुकडा मागून घ्यावा आणि तो त्याच भिंतीवर टाचून सकाळी, दुपारी आणि दिवे लागल्यावर पाहावा. पिवळसर दिव्याखाली, म्हणजे साधारण २७०० केल्विनच्या प्रकाशात, निळ्या छटा राखाडी वाटू लागतात. अंधाऱ्या खोलीत बहुतेक वेळ दिवाच लागणार असल्याने आपल्या बाबतीत संध्याकाळचे पाहणे अधिक मोलाचे. उजेडासाठी चकचकीत कागद घेण्याचा मोह होईल. पण खिडकीतून तिरपा उजेड पडला की पुट्टीचा प्रत्येक उंचवटा त्यावर उठून दिसतो. छत उंच भासावे म्हणून उभे पट्टे निवडणाऱ्यांनीही आधी ओळंबा सोडून पाहावा, कारण कोपरा ओळंब्यात नसेल तर त्याचा कललेपणा पट्टे उघडा पाडतात.

प्रश्न : १२ फूट रुंद आणि ९ फूट उंच अशा एका भिंतीसाठी किती रोल लागतील? क्षेत्रफळ काढले तर २ पुरे वाटतात, पण कारागीर ३ सांगतो.

उत्तर : कारागिराचे बरोबर आहे. सर्वत्र मिळणारा रोल ५३ सेंमी रुंद आणि १०.०५ मीटर लांब असतो, म्हणजे त्याचे क्षेत्रफळ सुमारे ५७ चौरस फूट भरते. आपली भिंत १०८ चौरस फुटांची असल्याने २ रोल पुरेसे वाटणे साहजिक आहे. पण कागद लागतो तो पट्ट्यांनी. १२ फूट, म्हणजे ३.६६ मीटर रुंदीला ७ पट्टे लागतात. ९ फूट उंचीत वरखाली छाटण्यासाठी १० सेंमी धरले, तर एक पट्टा २.८४ मीटरचा होतो आणि एका रोलमधून असे ३ च निघतात. २ रोलमधून ६ पट्टे मिळतात आणि सातव्यासाठी अडते. नक्षीचे आवर्तन ६४ सेंमीचे असेल, तर ती जुळवण्यासाठी प्रत्येक पट्ट्यामागे ३.२० मीटर धरावे लागतात. तरीही ३ रोल पुरतात.

सगळे रोल एकाच वेळी घ्यावेत आणि त्यांवरील लॉट क्रमांक एकच असल्याची खात्री करावी, कारण दुसऱ्या लॉटमधील छटा किंचित वेगळी निघू शकते आणि तो फरक भिंतीवर लावल्यावरच कळतो.

प्रश्न : स्वयंपाकघर आणि लहान मुलांची खोली यांसाठी कोणता वॉलपेपर घ्यावा?

उत्तर : रोलच्या वेष्टनावरील खुणा पाहाव्यात. पाण्याची एक लाट असेल तर ओल्या स्पंजने हलकेच टिपता येते, दोन असतील तर धुता येते, तीन असतील तर आणखी नेटाने धुता येते, आणि लाटेवर ब्रश असेल तर घासलेलेही चालते. स्वयंपाकघरासाठी तीन लाटांचा किंवा ब्रशच्या खुणेचा कागद घ्यावा. मात्र शेगडीच्या लगेच मागे कोणताही वॉलपेपर नको, तिथे टाइल किंवा काचच बरी.

मुलांच्या खोलीत मुलांचा हात पोहोचेल तिथपर्यंत रंग देता येणारा नॉन-वोव्हन कागद लावावा आणि त्याच्या वर, मध्ये लाकडी पट्टी मारून, हवी ती नक्षी घ्यावी. रेघोट्यांनी खालचा भाग भरला की तेवढ्यावरच रंगाचा एक हात फिरवता येतो.