बूट झाल्यावर लिनक्स कर्नल यूईएफआय फर्मवेअरला कॉल कसा करतो?

थेट फंक्शन पॉइंटरवरून, म्हणजे फंक्शनच्या मेमरीतल्या पत्त्यावरून; त्यासाठी सॉफ्टवेअर इंटरप्ट (प्रोसेसरला मुद्दाम दिलेला इशारा) वगैरे लागत नाही. यूईएफआय म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या, मदरबोर्डवरच्या फर्मवेअरशी बोलण्याची प्रमाणित पद्धत. बूट होताना फर्मवेअर 'सिस्टम टेबल'चा पत्ता देतं. त्यातून रनटाइम सर्व्हिसेसचा तक्ता सापडतो: गेटव्हेरिएबल, सेटव्हेरिएबल, गेटटाइम, रीसेटसिस्टम अशी मोजकी फंक्शन्स. एक्झिटबूटसर्व्हिसेस हा कॉल होऊन यंत्राचा ताबा फर्मवेअरकडून गेला की डिस्क-स्क्रीन हाताळणाऱ्या बाकीच्या सेवा बाद होतात, एवढ्याच उरतात.

खरी गंमत ६४-बिट एक्स८६ वर. तिथे यूईएफआय मायक्रोसॉफ्टचं कॉलिंग कन्व्हेन्शन (फंक्शनला माहिती कुठून द्यायची याचा नियम) पाळतं, म्हणजे पहिली चार आर्ग्युमेंट्स आरसीएक्स, आरडीएक्स, आर८ आणि आर९ या रजिस्टरांमध्ये (प्रोसेसरमधल्या छोट्या साठवणजागांमध्ये) हवीत. लिनक्स मात्र आरडीआय, आरएसआयपासून सुरुवात करतो. म्हणून मध्ये असेम्ब्लीचा एक छोटा तुकडा रजिस्टरांची अदलाबदल करतो. त्याआधी कर्नल लॉक घेतो, म्हणजे बाकीच्या कॉलना थांबवून ठेवतो, कारण एका वेळी दोन कॉल झेपतील असा फर्मवेअरवर भरवसा ठेवता येत नाही (आणि ठेवूही नये). मग फर्मवेअरसाठी राखलेलं वेगळं पेज टेबल (मेमरीच्या पत्त्यांचा नकाशा) लावून कॉल होतो. लिनक्सच्या सोर्समध्ये रजिस्टर आणि पेज टेबलचा भाग आर्च/एक्स८६/प्लॅटफॉर्म/ईएफआय या फोल्डरमध्ये, तर लॉकचा ड्रायव्हर्स/फर्मवेअर/ईएफआयमध्ये वाचता येतो. असेम्ब्लीचा तुकडा तर जेमतेम पानभर आहे.

मात्र एसीपीआय (हार्डवेअर आणि वीज-व्यवस्थापनाची माहिती कर्नलला देणारी पद्धत) यात धरू नका. तिथे फर्मवेअर फक्त एएमएल या भाषेतला बाइटकोड देतं, तो चालवणारा इंटरप्रिटर कर्नलचाच असतो. जुन्या बायोस मोडमध्ये बूट केलं असेल, तर वरचं यूईएफआयचं काहीच लागू नाही.