अ‍ॅस्ट्रोजचा ड्राफ्ट आणि शुगर लँडची पोरं : वाचकांचे प्रश्न

ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोजच्या (मेजर लीग या अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेतला संघ) ड्राफ्टबद्दल आणि मायनर लीगमधल्या (मेजर लीगखालच्या तयारीच्या स्पर्धांतल्या) होतकरू खेळाडूंबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी काही इथे घेतले आहेत. नव्या वाचकांसाठी थोडी ओळख : अमेरिका, कॅनडा आणि पोर्तो रिकोमधल्या शाळा-कॉलेजातले खेळाडू दर जुलैमध्ये ३० संघ ड्राफ्टमधून आळीपाळीने निवडतात. सध्या २० फेऱ्या होतात. बाकी देशांतली मुलं ड्राफ्टमध्ये नसतात, त्यांच्याशी थेट करार होतो. निवडलेला मुलगा फेयेटव्हिल (सिंगल-ए), अ‍ॅशव्हिल (हाय-ए), कॉर्पस क्रिस्टी (डबल-ए) आणि शुगर लँड (ट्रिपल-ए) अशा पायऱ्या चढत ह्यूस्टनला पोचतो. बहुतेक जण पोचत नाहीत.

प्रश्न : आम्ही शुगर लँडला राहतो, मुलांना घेऊन कॉन्स्टेलेशन फील्डवर नेहमी जातो. ०.३१० च्या सरासरीने मारणारा सत्तावीस वर्षांचा खेळाडू तिथेच राहतो आणि ०.२४० वाला बावीस वर्षांचा पोरगा वर जातो. हा वशिला नाही तर काय?

वशिला नाही. सरासरी, म्हणजे यशस्वी फटक्यांचं प्रमाण, बघण्याआधी वय बघा. ट्रिपल-एमधला खेळाडू साधारण २६-२७ वर्षांचा असतो, डबल-एमधला २४ चा. बावीस वर्षांचा मुलगा शुगर लँडला उभा आहे म्हणजे तो स्वतःपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या पिचरांना (चेंडू टाकणाऱ्यांना) तोंड देतोय, आणि त्यातले कित्येक मेजर लीगमध्ये खेळून आलेले आहेत. सत्ताविसाव्या वर्षी तिथे ०.३१० मारणं म्हणजे वरच्या वर्गात जायच्या वयाच्या मुलाने खालच्या वर्गात पहिला नंबर काढणं.

दुसरं, स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद) आणि वॉक (चार वाईट चेंडू सोडून फुकट मिळालेला पहिला बेस). हे दोन्ही टक्क्यांत मोजा : एकूण किती वेळा बॅट घेऊन उभा राहिला (त्याला इथे खेळी म्हणू), त्यातले किती. २० टक्क्यांपर्यंत स्ट्राइकआउट असतील तर काळजी नाही, २५ च्या पुढे लक्ष ठेवावं, आणि ३० ओलांडले तर कितीही होमरन असले तरी सावध राहावं. ट्रिपल-एच्या पुष्कळ पिचरांचा वळणारा चेंडू हवा तेव्हा स्ट्राइक झोनमध्ये (बॅटरसमोरच्या, मारण्याजोग्या चेंडूच्या चौकटीत) पडत नाही. बॅटर तो सोडून फास्टबॉलची वाट बघू शकतो. मेजर लीगमध्ये तोच चेंडू झोनच्या कडेला पडतो, आणि खाली झाकलेली उणीव वर आठवडाभरात उघडी पडते. स्ट्राइकआउटचं प्रमाण साधारण ६० खेळींत आणि वॉकचं १२० खेळींत बऱ्यापैकी स्थिरावतं. सरासरी मात्र पूर्ण मोसमातही स्थिरावत नाही, त्यामुळे एप्रिलच्या ०.३८० वर कुणी उड्या मारू नयेत.

तिसरं, मैदानं. शुगर लँड पॅसिफिक कोस्ट लीगमध्ये खेळतं. अल्बुकर्की समुद्रसपाटीपासून ५,००० फुटांहून उंच आहे, रीनो आणि सॉल्ट लेकही चार हजारांच्या वर. विरळ हवेत चेंडू लांब जातो आणि वळतो कमी. म्हणून घरच्या मैदानावरचे आणि बाहेरचे आकडे वेगवेगळे काढा. अ‍ॅशव्हिलबाबत तर हे विसरूच नका : तिथली उजवीकडची भिंत वर्षानुवर्षे इतकी जवळ राहिली आहे की डावखुऱ्या बॅटरचे निम्मे होमरन मनातल्या मनात खोडावेत. उलट अ‍ॅशव्हिलला चांगला आकडा काढणाऱ्या पिचरला थोडे गुण वाढवून द्यावेत.

चौथी गोष्ट म्हणजे जागा. मेजर लीगमध्ये खेळायचं तर आधी संघाच्या ४० जणांच्या यादीत नाव लागतं. यादी भरलेली असेल आणि नाव नसलेल्याला वर घ्यायचं असेल तर यादीतल्या कुणाला तरी काढावं लागतं. बावीस वर्षांच्या मुलासाठी संघ हे करतो, पण सत्ताविशीतल्या खेळाडूसाठी शक्यतो टाळतो. मुलांबरोबर जाल तेव्हा त्यांना फटक्याचा वेगही बघायला सांगा. ट्रिपल-एमधले हे आकडे २०२३ पासून सर्वांना बघायला मिळतात. ताशी ९५ मैलांच्या वरचा फटका थेट आउटफिल्डरच्या हातात गेला तर सरासरी घसरते, पण पोरगा काही चुकलेला नसतो.

प्रश्न : २०१३ मध्ये पहिला क्रमांक असून मार्क अपेल, २०१४ मध्ये पहिला क्रमांक असून ब्रेडी एकन. दोन पहिले क्रमांक वाया. तरी तेव्हाच्या जनरल मॅनेजर जेफ लुनाउच्या काळातल्या ड्राफ्टची तारीफ का होते?

कारण ड्राफ्ट हा नावांइतकाच पैशांचा खेळ आहे. २०१२ पासून पहिल्या दहा फेऱ्यांतल्या प्रत्येक क्रमांकाला करारावेळच्या बोनससाठी एक ठरीव रक्कम असते, त्यांची बेरीज म्हणजे संघाचा बोनस पूल. एका खेळाडूला कमी दिले तर उरलेले दुसऱ्याला देता येतात. पूल ओलांडला तर जादा रकमेवर ७५ टक्के कर, आणि ५ टक्क्यांहून जास्त ओलांडला तर पुढच्या ड्राफ्टमधला पहिल्या फेरीचा क्रमांकही जातो. म्हणून संघ ५ टक्क्यांच्या रेषेपर्यंत बिनधास्त जातात आणि तिथेच थांबतात.

२०१२ चा ड्राफ्ट या दृष्टीने पाहा. पहिल्या क्रमांकाची रक्कम ७२ लाख डॉलर होती. अ‍ॅस्ट्रोजने पोर्तो रिकोच्या कार्लोस कोरेआला ४८ लाखांत राजी केलं. वाचलेल्या २४ लाखांच्या जोरावर ४१ व्या क्रमांकावर लान्स मॅकलर्सला २५ लाख दिले (ठरीव रक्कम साडेबारा लाखांच्या आसपास) आणि चौथ्या फेरीत रिओ रुईझला साडेअठरा लाख (ठरीव साडेतीन लाखांच्या थोडं वर). मॅकलर्सला इतर संघांनी मागे सोडलं ते गुणांमुळे नाही, त्याच्या किमतीमुळे. २०१७ च्या लीग अंतिम मालिकेतल्या सातव्या सामन्यात शेवटचे २४ चेंडू सलग कर्व्हबॉल (वळणारे चेंडू) टाकून सामना संपवणारा हाच. रुईझ ह्यूस्टनकडून खेळला नाही, पण २०१५ च्या जानेवारीत इव्हन गॅटिस अदलाबदलीच्या ज्या व्यवहारात आला त्यात तो गेला. चौथ्या फेरीच्या निवडीचं मोल असंही वसूल होतं.

अपेल मात्र चूकच, आणि ती झाकू नये. त्याच्या पाठोपाठ दुसऱ्या क्रमांकावर शिकागो कब्जने क्रिस ब्रायंट घेतला, जो २०१६ मध्ये नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. अपेल केन जाइल्सच्या व्यवहारात फिलाडेल्फियाला गेला आणि २०२२ मध्ये तिसाव्या वर्षी मेजर लीगमध्ये पहिल्यांदा उतरला.

एकनची गोष्ट वेगळी. ६५ लाखांवर तोंडी ठरलं होतं. वैद्यकीय तपासणीत कोपराच्या लिगामेंटवर शंका आली आणि संघाने देऊ केलेली रक्कम सुमारे ३१ लाख ७० हजारांवर आणली. हा आकडा सहज आलेला नाही : ठरीव ७९ लाख २२ हजारांच्या ४० टक्के देऊ केले तरच करार न झाल्यास पुढच्या वर्षी भरपाईचा क्रमांक मिळे. शेवटच्या दिवशी ५० लाखांपर्यंत गेले, मुलाने नकार दिला. करार न झाल्यामुळे त्याची सगळी ठरीव रक्कम पूलमधून उडाली, आणि त्याच ड्राफ्टमधल्या जेकब निक्सला कबूल केलेले १५ लाख द्यायला जागाच उरली नाही. निक्सचा यात काही दोष नव्हता, त्याच्याशी झालेलं वागणं वाईटच. पण डॉक्टरांचा अंदाज खरा ठरला. २०१५ च्या मार्चमध्ये एकनच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली आणि तो मेजर लीगपर्यंत कधीच पोचला नाही. भरपाईच्या दुसऱ्या क्रमांकावर ह्यूस्टनने अ‍ॅलेक्स ब्रेगमन घेतला आणि त्याच ड्राफ्टमध्ये पाचव्या क्रमांकावर काइल टकर. दोन पहिले क्रमांक वाया गेले असं म्हणणाऱ्याने ब्रेगमन कुठून आला तेही सांगावं.

प्रश्न : खेळाडू पारखणारे स्काउट देतात ते २० ते ८० चे गुण म्हणजे नेमकं काय? घरबसल्या देता येतात का?

५० म्हणजे मेजर लीगमधला सरासरी खेळाडू, आणि दर १० गुण म्हणजे एक प्रमाण विचलन. म्हणून ६० चांगला, ७० दुर्मीळ, ८० पिढीत मोजके. फटका, ताकद, धाव, हात (फेक) आणि क्षेत्ररक्षण यांचे गुण वेगळे. प्रत्येकाला दोन आकडे देतात : आजचा आणि पुढे होईल तो. अठरा वर्षांच्या मुलाचा फटका आज २५ आणि पुढे ५५ असू शकतो, त्यात विसंगती नाही.

धाव स्टॉपवॉचने स्वतः मोजता येते. बॅटला चेंडू लागल्याचा आवाज येताच चालू करा, पाय पहिल्या बेसवर पडताच बंद. उजव्या बॅटरला ४.३ सेकंद, डावखुऱ्याला ४.२ म्हणजे साधारण ५०. बंट (चेंडू हलकेच टेकवणं) आणि सोपा फ्लाय (उंच उडालेला झेल) मोजू नका : बंटला बॅटर आधीच धावू लागलेला असतो, आणि फ्लायला कुणी जीव तोडून धावत नाही. निदान चार-पाच चांगल्या नोंदी होईपर्यंत गुण लिहू नका. कॅचरचं (बॅटरमागे बसून चेंडू झेलणाऱ्याचं) दुसऱ्या बेसवर फेकणं मोजायचं तर चेंडू त्याच्या ग्लोव्हमध्ये पडल्यापासून बेसवरच्या ग्लोव्हमध्ये पोचेपर्यंत. २.० सेकंद सरासरी.

प्रश्न : गेली काही वर्षं मायनर लीगच्या क्रमवारीत अ‍ॅस्ट्रोज तळाशी असतात. मग संघ तयार कसा होतो?

तळाशी असण्याची कारणं उघड आहेत. प्रतिस्पर्ध्यांच्या सांकेतिक खुणा चोरल्याच्या शिक्षेत २०२० आणि २०२१ च्या पहिल्या दोन्ही फेऱ्यांचे क्रमांक गेले, त्यामुळे २०२० मध्ये पहिली निवड ७२ वी होती आणि २०२१ मध्ये ८७ वी. जिंकणाऱ्या संघाला तसेही शेवटचे क्रमांक मिळतात, आणि चांगली मुलं व्यवहारात जातात. २०१५ मध्ये ४० लाख देऊन घेतलेला डॅझ कॅमरन जस्टिन व्हर्लँडरसाठी गेला. अशा अदलाबदलीने क्रमवारी घसरते, पण संघाचं काही बिघडलेलं नसतं.

शिवाय क्रमवारीच्या याद्या पहिल्या शंभर होतकरूंकडे बघतात. ह्यूस्टनची खरी कमाई त्यांच्या बाहेरची आहे. फ्रॅम्बर वाल्डेझ आणि क्रिस्तियन हावियेर हे दोघे २०१५ मध्ये प्रत्येकी १० हजार डॉलरमध्ये आले. वाल्डेझ तेव्हा एकवीस वर्षांचा होता, डोमिनिकनमध्ये या वयाला संघ ढुंकूनही बघत नाहीत. जेरेमी पेन्या २०१८ चा १०२ वा, हंटर ब्राऊन २०१९ च्या पाचव्या फेरीचा, तोही दुसऱ्या श्रेणीच्या कॉलेजातून. जोर्दान अल्वारेझ तर डॉजर्सकडून २०१६ मध्ये एका रिलीव्हरच्या (सामन्यात मध्येच येणाऱ्या पिचरच्या) बदल्यात मिळाला, त्यांच्यासाठी एकही सामना न खेळता.

प्रश्न : ड्राफ्टचा हिशेब स्वतः मांडायचा आहे. सुरुवात कशी करू?

एका तक्त्यात वर्ष, क्रमांक, ठरीव रक्कम, दिलेला बोनस आणि शेवट लिहा. शेवट म्हणजे ह्यूस्टनकडून खेळला, कुणाच्या बदल्यात गेला, की करारच झाला नाही. बदल्यात आलेल्याचं काम गेलेल्याच्या खात्यावर टाका. खेळाडूची मेजर लीगमधली पहिली सहा वर्षंच मोजा, नंतर तो मुक्त होतो आणि बाजारभाव घेतो. तुलना मागच्या-पुढच्या दहा क्रमांकांशी करा, सबंध ड्राफ्टमधल्या सर्वोत्तम खेळाडूशी नको. श्रेयही नीट वाटा. जॉर्ज स्प्रिंगर (२०११) आणि सातव्या फेरीतला डॅलस काइकल (२००९) लुनाउच्या आधीचे. होझे अल्टूवे तर ड्राफ्टमधला नव्हेच, २००७ मध्ये व्हेनेझुएलातून १५ हजार डॉलरमध्ये आलेला. त्यांचा तक्ता वेगळा ठेवा.

पाच-सहा वर्षं उलटायच्या आत कुठल्याही ड्राफ्टवर शेरा मारू नका. १९९२ अपवाद. तेव्हा पहिल्या क्रमांकावर ह्यूस्टनने फिल नेव्हिन घेतला, आणि सहाव्या क्रमांकावर यँकीजला डेरेक जीटर मिळाला. जीटरच घ्या, असं संघाचाच स्काउट हॅल न्यूहाउझर सांगत होता. ऐकलं नाही म्हणून त्याने नोकरी सोडली.

प्रश्न : रूल ५ ड्राफ्टची धास्ती खरीच इतकी असते का?

रूल ५ म्हणजे ४० च्या यादीबाहेरची मुलं दुसऱ्या संघांनी उचलायचा डिसेंबरातला ड्राफ्ट. अठरा किंवा त्याहून कमी वयात करार झाला तर कराराचं वर्ष धरून पाचव्या वर्षाच्या डिसेंबरात, नाहीतर चौथ्या वर्षाच्या, मुलगा ४० च्या यादीत हवा, नाहीतर दुसरा संघ त्याला १ लाख डॉलरमध्ये उचलू शकतो. उदाहरणार्थ २०२२ चा कॉलेजवाला आणि २०२१ चा शाळकरी दोघेही २०२५ च्या डिसेंबरात उघडे पडले. घेणाऱ्याला तो वर्षभर मेजर लीगमध्येच ठेवावा लागतो, म्हणून बरेच जण परत येतात. १९९९ मध्ये ह्यूस्टनने योहान सांतानाला यादीबाहेर ठेवलं. तो परत आला नाही, मिनेसोटासाठी दोनदा साय यंग (सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार) जिंकला.