वैनींचं पातेलं अजून आमच्याच घरात आहे

आक्का, नमस्कार. करवीर तालुक्यातलं आमचं गाव, नाव घालू नका. एप्रिलच्या शेवटी वळवाचा असा काय वारा सुटला की दहा मिनिटांत सोप्यावरचे आणि माडीवरचे मिळून १४ पत्रे उडाले आणि शेजारच्या वैनींच्या परड्यात जाऊन पडले. त्यांचा शेवगा मोडला, गाडीची पेट्रोलची टाकी चेपली. पुतण्यानं ग्रुपवर टाकलं टोर्नाडो आला म्हणून. ह्या वैनींशी २०१८ पासून आमचं बोलणं नाही. आमच्या पागोळ्यांचं पाणी त्यांच्या परड्यात पडतं ह्यावरनं भांडण झालं, त्यांच्या मालकांनी ग्रामपंचायतीत अर्जपण दिलेला. आणि तरी सगळ्यात आधी त्याच आल्या. त्यांच्या पोरांनी ट्रॉलीवरची ताडपत्री आणून भर पावसात बांधली, वैनींनी आमचा भिजलेला शाळू त्यांच्या सोप्यात पंख्याखाली पसरला, तीन दिवस जेवण दिलं. आठव्या दिवशी आमच्या ह्यांनी पाच हजाराचं पाकीट पाठवलं तर थोरल्या पोरानं ते आणून उंबऱ्यावर ठेवलं आणि न बोलता गेला. सासूबाई म्हणतात गावात नाव व्हावं म्हणून केलं सगळं. मला झोप लागत नाही, कारण २०१९ च्या महापुरात वैनींच्या माहेरची माणसं शिरोळकडनं दोन म्हशी घेऊन आलेली, आमचा गोठा रिकामा होता आणि आम्ही दिला नव्हता. वैनींनी त्यातला एक शब्द काढला नाही. त्यांचं जेवणाचं पातेलं अजून आमच्याकडं आहे, ते द्यायलापण पाय उचलत नाही. हे उपकार फेडायचे कसे?
– एक सून

पोरी, पत्र चांगलं सात पानांचं होतं तुझं, मी कापून कापून एवढं ठेवलंय, रागावू नको.

आधी त्या पाकिटाचं बोलू कारण मला वाटतं तुला सगळ्यात जास्त तेच टोचतंय. तुझ्या मालकांना मी वाईट म्हणणार नाही, बाप्या माणसाला असल्या वेळी काय बोलायचं ते सुचत नाही मग हात खिशात जातो, आमच्या घरातपण तेच. पण त्या पोराच्या बाजूनं बघ की जरा. विजा कडाडतायत, पाऊस मारतोय, तो तुमच्या भिंतीवर चढून ताडपत्रीची दोरी ओढतोय, आणि आठ दिवसांनी त्याला कळतं की त्याची किंमत पाच हजार झाली. आणि पाकिटाचा अजून एक अर्थ निघतो, तो तुम्हाला काढायचा नसला तरी निघतो, की घ्या, फिटलं, आता परत बोलायला नको. सात-आठ वर्षं न बोललेल्या घरातनं पहिल्यांदा काय आलं तर पाकीट. त्यानं उंबऱ्यावर ठेवलं हे लई सभ्यपणानं केलं बघ, मी असते तर अंगणातनंच फेकलं असतं.

तू शेतकऱ्याच्या घरातली, तुला पैरा काय ते मी सांगायचं म्हणजे कमालच. आज तुम्ही चौघी आमच्या भांगलणीला या, पुढच्या आठवड्यात आम्ही चौघी तुमच्याकडं. पैऱ्यात कोण पैसे देतं का? पैसे दिले की ती मजुरी झाली. आणि पैरा फेडायला कोण त्याच दिवशी संध्याकाळी पळत पण जात नाही, त्यांचं रान भांगलणीला आलं की जायचं, तोवर ते डोक्यात ठेवायचं आणि निवांत झोपायचं. तुझा प्रॉब्लेम मला असा दिसतो की तुला हे आठवड्यात फेडून मोकळं व्हायचंय. नाही होता येणार, आणि होऊ पण नको.

माझंच सांगते. मी कोल्हापुरात शुक्रवार पेठेत राहायची तेव्हा, २०१९ चा ऑगस्ट, राजाराम बंधाऱ्यावर धोका पातळी ४३ फूट आणि पंचगंगा गेली ५५ च्या वर. आमच्या तळमजल्यात पाणी शिरलं. ओसरल्यावर घरात आले तर भिंतीवर छातीएवढी गाळाची रेघ, आणि वास असा की आत पाय टाकवेना. समोरच्या बाई, ज्यांच्याशी माझं कधी नळाच्या पाण्यापलीकडं बोलणं नव्हतं, त्या खराटा घेऊन आल्या आणि मला काय न विचारता मोरीपासनं सुरू झाल्या. चार दिवस. माझ्या लग्नातली भांडी त्यांनी चिंच लावून घासली, एकेक. दिवाळीला मी त्यांना साडी घेऊन गेले, चांगली भारीतली. त्यांनी घडी मोडली नाही, म्हणाल्या साडी ठेवा तुम्हाला, चहा टाकते बसा. मला इतका अपमान वाटला त्यावेळी, घरी येऊन रडले. मग २०२१ च्या जुलैत परत पाणी आलं, त्या नेमक्या मुलीकडं पुण्याला आणि रस्ते बंद, तर त्यांच्या घराची किल्ली माझ्याकडं होती कारण त्या चहापासनं येणंजाणं सुरू झालेलं. मी आणि माझ्या लेकानं त्यांचा फ्रीज टेबलावर चढवला, देवघर माळ्यावर नेलं, गाद्या वरच्या मजल्यावर. साडी घेतली असती तर किल्ली आली नसती माझ्याकडं, असं मला आता वाटतं, खरंखोटं देव जाणे.

बरं, टोर्नाडोचं. पुतण्याला सांग बाबा, टोर्नाडो म्हणजे ढगापासनं जमिनीपर्यंत गरगर फिरणारा खांब, अमेरिकेत होतात तसले, तिथं नुकसान बघून इएफ शून्य ते पाच असा नंबर देतात त्यांना. आपल्या देशात बंगालकडं होतात कधीमधी, २०२४ च्या मार्चअखेरीला जलपायगुडीत झालेलं. तुमच्याकडं आला तो आपला वळीवच. दिवसभर रान तापतं, दुपारनंतर ढग डोंगरासारखा वर चढतो, आणि मग त्यातली गार हवा पावसाबरोबर धाडकन खाली आदळून जमिनीवर एका बाजूला सुसाट पळते. हे मी का सांगते, तर तू लिहिलंयस की १४ च्या १४ पत्रे वैनींच्या परड्यात. फिरता वारा असता तर गावभर वेडेवाकडे विखुरले असते, हा सरळ वारा होता म्हणून सगळे एकाच दिशेला गेले. म्हणजे ज्या परड्यात तुमच्या पत्र्याचं पाणी पडतं म्हणून भांडण, तिथं आख्खे पत्रेच जाऊन पडले. मला वाचताना हसू आलं, माफ कर, पण वैनींनाही कधीतरी येईल बघ.

आणि इथंच तुझ्या प्रश्नाचं उत्तर आहे, तू वस्तू शोधत बसलीयस म्हणून दिसेना. अगं तुमचं छप्पर आता नव्यानं घालायचंय ना? मग पागोळी तिकडं का पडू देताय परत? मिस्त्री नळ्या-अँगल जोडायच्या आधीच त्याला सांग की पाण्याचा उतार आपल्या अंगणाकडं निघतो का बघ. भिंतींच्या उंचीमुळं नसेल निघत तर वैनींच्या बाजूच्या कडेला आख्खी पन्हळ घाल. जीआयची, म्हणजे जस्त चढवलेल्या पत्र्याची, परवडत नसेल तर चार इंची पीव्हीसी पाईप उभा कापून लावतात लोक, तेही चालतं, फक्त त्याला उतार नीट दे आणि खाली पाईप सोडून पाणी आपल्या हद्दीत काढ. आणि हे घालायच्या आधी, ऐक नीट, घालून झाल्यावर नव्हे, आधी, तुझ्या मालकांना वैनींच्या मालकांकडं पाठव. पाकीट न घेता. फक्त एवढं विचारायला, की दादा, पन्हळ घालतोय, पाईप कुठल्या कोपऱ्यात सोडला म्हणजे तुम्हाला त्रास नाही, जरा येऊन बघता का. एवढंच. अर्ज दिलेला माणूस आहे तो, त्याला आठ वर्षं हेच कुणीतरी विचारायला पाहिजे होतं. तो शिडीवर चढून स्वतः टेप धरेल बघ.

छपराचा विषय निघालाच आहे तर, पत्रे उडू नयेत म्हणून वर दगड ठेवायची आपल्याकडं खोड आहे, ती बंद करा. वारा कडेखालनं आत शिरतो आणि पत्रा उचलतो, मग तो दगड कुणाच्या डोक्यात जाईल सांगता येत नाही, तुमचं नशीब की टाकीवरच भागलं. कडेच्या ओळीला जे-हुक आणि वायसर जवळजवळ मारून घे, मिस्त्री एक सोडून एक मारतो म्हणेल, तिथं कंजूषपणा नको. आणि फुटलेले पत्रे सिमेंटचे असतील तर वाळलेले झाडत बसू नका, पाणी मारून, तोंडाला चांगला मास्क लावून उचला, ती धूळ छातीला वाईट.

आता टाकी. मला नवल वाटतं की सात पानांत तू पातेल्याबद्दल दीड पान लिहिलंस आणि टाकीबद्दल अर्धी ओळ. उपकार वेगळे आणि नुकसान वेगळं. त्यांच्या पोरांनी केलं त्याचे पैसे द्यायचे नाहीत, पण तुमच्या पत्र्यानं त्यांची गाडी चेपली त्याचे द्यायचेच. ते पाच हजार तिथं घाला. त्यांच्या हातात नोटा देऊ नका, तुझ्या मालकांनी पोराला म्हणावं गाडी काढ, जाऊ डेंटिंगवाल्याकडं, आणि तिथं बिल ह्यांनी भागवावं. पोरगं नको म्हणेल, म्हणू दे, आमच्या पत्र्यानं मोडलीय ना मग आम्हीच नीट करणार, असं म्हटलं की त्याला काय बोलायला जागा नाही. येताना दोघांनी मिसळ खाल्ली तर अजून बरं.

पंचनाम्याचं मी वर कापलं, पण त्यातली एक गोष्ट माझ्या डोक्यातनं जाईना. तलाठी आले तेव्हा पंच म्हणून वैनींच्या मालकांनी सही केली. २०१८ ला ह्याच माणसाची सही तुमच्याविरुद्धच्या अर्जावर होती. त्या कागदाची एक झेरॉक्स जपून ठेव. पैशाची फार आशा धरू नको, २०२२ ते २०२६ च्या सरकारी निकषात थोडं पडलेल्या पक्क्या घराला साडेसहा हजार आणि कच्च्याला चार हजार होते, तेही घराचं निदान १५ टक्के नुकसान असलं तर. १४ पत्र्यात त्याचं काय होतंय, पण सोडायचं पण नाही, बँक पासबुक आणि आधारची झेरॉक्स दिलीस का ते एकदा जाऊन बघून ये.

सासूबाईंचं सोड. सत्तरीच्या बाईच्या घरावरचं छप्पर गेलंय आणि जिच्याशी वैर धरलं तिच्या हातचं तीन दिवस खावं लागलंय, त्या काहीतरी बोलणारच. खाल्लं ना पण? मग झालं.

राहिला गोठा. हे मला सगळ्यात अवघड वाटतं आणि मी दोन दिवस ह्यावरच अडले होते. एक मन म्हणतं उकरू नको, वैनींनी काढलं नाही तर तू कशाला. पण नाही, त्यांनी काढलं नाही म्हणजे त्या विसरल्या असं नव्हे. तुमचा शाळू पंख्याखाली पसरताना, भिजलेला दाणा हातानं वरखाली करताना त्यांना त्या दोन म्हशी आठवल्या नसतील असं तुला वाटतं का? आठवल्या असणार. तरी त्या पसरत राहिल्या. म्हणून तुला बोलावं लागेल. एकदाच, उभ्या उभ्या, दोन वाक्यांत. "वैनी, पुरात तुमच्या माहेरच्यांना गोठा दिला नाही ते आमचं चुकलं. मला तेव्हापण कळत होतं." बस. सासूबाईंनी नको म्हटलं होतं हे सांगायचं नाही, ते खरं असलं तरी. माझ्या हातात काय नव्हतं हे पण नाही. आणि रडू नको गं, तू रडलीस की त्यांना तुलाच समजवत बसावं लागेल, म्हणजे परत त्यांच्याच डोक्यावर काम. त्या काय म्हणतील मला माहीत नाही. गप्प बसतील कदाचित, किंवा एखादा टोमणा मारतील, तो ऐकून घे, एवढा हक्क आहे त्यांचा. लगेच वैनी-वैनी करत गळ्यात पडणं होईल असं धरून जाऊ नको.

आणि हे बोलायला जाताना ते पातेलं घेऊन जा. रिकामं द्यायचं नसतं हे तुला ठाऊक आहे म्हणूनच तुझे पाय अडलेत, पत्रात तू तीनदा विचारलंयस त्यात काय घालू, बासुंदी करू का, श्रीखंड आणू का. काही आणू नको बाजारातनं. वैनींनी वाळवून दिलेला तो शाळू आहे ना, त्यातला दोन किलो निवड, वास राहिला नाही ना ते आधी बघ, गिरणीतनं दळून आण आणि त्याच्या भाकरी थाप. सोबत झुणका नाहीतर खर्डा, जे तुझ्या हाताला चांगलं येतं ते. गरम असताना फडक्यात गुंडाळून पातेल्यात ठेव आणि मागच्या दारानं जा, परड्यातनं, जिथं पत्रे पडलेले तिथनंच. मोडलेल्या शेवग्याची चांगली मनगटाएवढी फांदी बघून वैनींना विचारून तिथंच खोचून दे, शेवगा फांदीवरनं लागतो.

हे सगळं मिरगाच्या आत कर. पाऊस लागला आणि पन्हळ नसली की पागोळी परत तिकडंच पडणार आहे.

– आक्का