क्रूझच्या खासगी बेटावर कबाना भाड्याने घेणं परवडतं का?

प्रश्न थोडक्यात असा: बडोद्याहून सहा जण, म्हणजे नवरा-बायको, 9 आणि 12 वर्षांची मुलं आणि सत्तरी ओलांडलेले सासू-सासरे, दिवाळीच्या सुट्टीत मायामीहून चार रात्रींच्या बहामाज क्रूझवर निघालेत. एक दिवस जहाज कंपनीच्या खासगी बेटावर आहे. तिथली कबाना, म्हणजे किनाऱ्यावरची दिवसापुरती भाड्याने मिळणारी छप्पर असलेली खोपी, 450 डॉलरला दिसते आहे. मिस्टर म्हणतात, पैसे पाण्यात.

ताई, घ्या. मिस्टरांनाही हे वाचायला द्या, कारण हाच वाद मी माझ्या मेव्हण्याशी दर दिवाळीला घालतो आणि तो अजून मिटलेला नाही.

मी बडोद्यात बसून लोकांच्या क्रूझची आखणी करतो. कबानाच्या बाबतीत आपल्याकडचा हिशेब नेहमी एकाच जागी चुकतो. 450 भागिले सहा, माणशी 75 डॉलर, डॉलरला 90 रुपये धरले तर पावणेसात हजार, तेही नुसत्या सावलीचे. त्यापेक्षा दीवला नागोआच्या किनाऱ्यावर टाकतो तशी चादर टाकून बसू. भागाकार बरोबर आहे, भाजक चुकीचा आहे. तुमची मुलं दिवसभर पाण्यात असणार, त्यांना सावली फुकट दिली तरी ती बसणार नाहीत. कबाना घ्यायची ती त्या माणसांसाठी, जी कबाना नसेल तर साडेदहा-अकराला जहाजावर परत जातील. आणि त्यांना पोचवायला जे जाईल, त्याच्यासाठी.

मेव्हण्याच्या घरी नेमकं हेच झालं. बडोद्याच्या दांडिया बाजारातलं सहा जणांचं घर: तो, वहिनी, दोन मुलं आणि माझे सासू-सासरे. मी त्यांच्या आखणीत 420 डॉलरची कबाना घातली होती, त्याने निघण्याच्या चार दिवस आधी ती काढून टाकली. नोव्हेंबर होता. बेटावर उतरले पावणेदहाला, कारण आधी सगळ्यांचा निवांत नाश्ता झाला. तोवर पाण्याजवळच्या फुकट छत्र्यांवर टॉवेल पडले होते. मागच्या रांगेत दोन छत्र्या मिळाल्या. बारा वाजता त्या छत्र्यांची सावली खुर्च्यांवर नव्हतीच, बाजूच्या मोकळ्या वाळूवर होती.

यात छत्रीचा दोष नाही. यातली बहुतेक बेटं सुमारे साडेपंचवीस ते सव्वीस अंश उत्तर अक्षांशावर आहेत, बडोद्याच्या थोडी वर. जूनमध्ये तिथे भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे सावली छत्रीच्या बुडाशी पडते. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तो भर दुपारीही क्षितिजापासून 47 अंशांवरच असतो. दोन मीटर उंच छत्रीची सावली तेव्हा जवळपास दोन मीटर उत्तरेला सरकते, म्हणजे खुर्चीच्या पलीकडे. डिसेंबरअखेर सूर्य आणखी उतरतो, 41 अंशांपर्यंत, आणि सव्वादोन मीटरच्याही पुढे सावली जाते. दुपारी तीन वाजता तर विचारूच नका. छत्री वाळूत घट्ट रोवलेली, खुर्ची मात्र हलवता येते. दर अर्ध्या तासाला सावलीमागे खुर्ची ओढत नेणं बारा वर्षांच्या मुलाला जमतं, चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला नाही. त्यात पांढरी वाळू साधारण 15 टक्के अतिनील किरण परत वर फेकते, म्हणून छत्रीखाली बसूनही तोंड भाजतं. मे महिन्यात बडोद्याच्या मांडवीत दुपारी बाराला आपण पाच मिनिटं उघड्यावर उभे राहत नाही, आणि तिथे वारा गार आहे एवढ्याशा कारणावरून सहा तास बसायला तयार होतो.

दुसरी गोष्ट खुर्चीची, आणि हीच सगळ्यात जास्त दुर्लक्षिली जाते. किनाऱ्यावरच्या फुकट आरामखुर्च्या जमिनीपासून फार तर फूट-सव्वा फूट उंच असतात. गुडघे दुखणाऱ्या माणसाला त्यात बसता येतं, उठता येत नाही. पायाखाली मऊ वाळू असल्यामुळे रेटा द्यायला टणक जमीनही नाही. सासूबाई एकदा बसल्या त्या दोघांनी हात धरून उठवल्या, आणि मग त्यांनी पाणी पिणंच सोडलं, पुन्हा उठून स्वच्छतागृहापर्यंत जायला नको म्हणून. अकराला दोघं परत निघाले. सोबत वहिनी. जहाजात शिरताना कार्ड, सुरक्षा तपासणी, लिफ्ट, खोली हे सगळं झाल्यावर वहिनी परत बेटावर आल्याच नाहीत. तीन माणसांचे पाच-पाच तास गेले, म्हणजे पंधरा. 420 डॉलर भागिले पंधरा, तासाला 28. हा खरा भाव. मेव्हणा आजही म्हणतो की आईंना समुद्राची आवड नव्हतीच. नव्हती कशी? द्वारकेला गेल्या की समुद्राकाठच्या घाटावरून हलायला तयार नसतात.

चांगल्या कबानात लाकडी फरशी असते, सोफा असतो, बहुतेक ठिकाणी टेबलाच्या नेहमीच्या उंचीच्या खुर्च्या असतात, पंखा असतो, बर्फाच्या पेटीत पाण्याच्या बाटल्या असतात आणि काही हवं-नको पाहायला एक माणूस असतो. यातली फरशी आणि उंच बैठक याच दोन गोष्टींना म्हाताऱ्या माणसांच्या दृष्टीने किंमत आहे. मोफत स्नॉर्कल, तरंगत्या गाद्या आणि फळांची थाळी यांच्याकडे पाहून निर्णय घेऊ नका.

आता बुकिंग. मूळ भाड्यात किती प्रवासी धरलेत ते आधी वाचा. डिस्नीच्या कॅस्टअवे के या बेटावर मूळ भाड्यात सहा माणसं धरतात. इतर बेटांवर कबानाच्या प्रकाराप्रमाणे सहा किंवा आठ. मुलंही पूर्ण डोकी म्हणूनच मोजतात. तुम्ही नेमके सहा आहात, ठीक आहे. पण जहाजावर ओळख झालेल्या कुटुंबाला "या ना आमच्याकडे" म्हणू नका, मनगटावरचे पट्टे मोजून देतात. डिस्नीवर महागड्या खोल्यांतल्या आणि जुन्या प्रवाशांना आरक्षण आधी खुलं होतं, पहिल्यांदा जाणाऱ्याच्या वाट्याला बहुधा काही उरत नाही. रॉयल कॅरिबियन कंपनीच्या कोकोके बेटावर भाव रोज वरखाली होतो. दिसल्याबरोबर घ्यायची आणि दर आठवड्याला पुन्हा भाव बघायचा. उतरला तर जुनी रद्द करून नवी घ्यायची, फक्त आधी कबाना शिल्लक आहे याची खात्री करून. रद्द करायची मुदत तिथे जहाज निघण्याच्या 48 तास आधीपर्यंत असते. आपल्या आणि मायामीच्या घड्याळात साडेनऊ-साडेदहा तासांचं अंतर आहे, त्यामुळे शेवटच्या दिवसावर ढकलू नका. जहाजच बेटावर थांबलं नाही तर कबानाचे पैसे परत मिळतात. कार्डावर परत आले की खोलीच्या खात्यावर, तेवढं बिलात बघून घ्या.

जागा निवडता येत असेल तर नकाशावर दोनच गोष्टी मोजा, स्वच्छतागृह किती लांब आणि ट्रॅमचा थांबा किती लांब. कबानाला स्वतःचं स्वच्छतागृह बहुतेक ठिकाणी नसतं, हे लोकांना तिथे गेल्यावर कळतं. पहिल्या रांगेचा हट्ट धरू नका, मागच्या रांगेतून समुद्र तेवढाच दिसतो आणि वाळूत चालणं वाचतं. दिवाळीच्या दिवसांत उघडी बाजू दक्षिणेला असलेली कबाना टाळा, अडीच मीटर उंचीच्या छताखालूनही दुपारचं ऊन सव्वादोन मीटर आत येतं आणि सोफ्यावरच बसतं. पडदे असतात, पण पडदा ओढला की वारा बंद. क्रमांक तिथे पोचल्यावर देणार असतील तर मिस्टरांना पहिल्या खेपेत एकटं पुढे पाठवा. बाकीच्यांनी निवांत नाश्ता करावा.

पाण्यावरची कबाना, कोकोकेच्या कोको बीच क्लबमध्ये असते ती, तुमच्यासाठी नाही. हजार डॉलरच्या खूप पुढे जाते, आणि फोटोत दिसते ती घसरगुंडी सरळ समुद्रात उतरते. पाण्यातून वर यायला शिडी. सासू-सासऱ्यांना पाय भिजवायला उथळ किनारा हवा, शिडी नको. 9 वर्षांच्या मुलामागे कुणीतरी सतत लागणार ते वेगळंच.

बेटाला धक्का आहे की लहान बोटीने उतरायचं, हे बुकिंगच्याही आधी बघा. कोकोके, कॅस्टअवे के, एमएससीचं ओशन के इथे जहाज धक्क्याला लागतं, चालत उतरायचं. प्रिन्सेस केजसारख्या ठिकाणी टेंडर बोट असते आणि समुद्र थोडा जरी हलत असेल तर जहाज आणि बोट यांच्यामधलं ते एक पाऊल गुडघ्याच्या माणसाला जड जातं. तिथे 450 डॉलर भरण्याआधी सासूबाई ते पाऊल टाकतील का, एवढं प्रामाणिकपणे ठरवा. वाळूत चालणाऱ्या जाड चाकांच्या चाकखुर्च्या मोठ्या बेटांवर फुकट मिळतात, पण मोजक्याच असतात, पहिला येईल त्याला. ढकलणारा माणूस आपलाच.

खाणं बेटावर बहुतेक जहाजांच्या भाड्यातच येतं. शाकाहारी असाल तर बर्गरच्या खिडकीवर भाजीचा बर्गर मागून घ्यावा लागतो, समोर मांडलेला नसतो. भात, सॅलड, फळं, बटाट्याचे काप मिळतात. घरचे थेपले आणि चकल्या जहाजावर चढतानाच काढून ठेवतात, त्यामुळे सीलबंद पाकिटं न्या. लीलो चिवडो कंपनीच्या बंद पाकिटात असेल तर अडचण येत नाही. फळं जहाजावरून बेटावर नेऊ नका. पेयांचं पॅकेज कोकोकेवर चालतं, सगळ्याच कंपन्यांचं त्यांच्या बेटावर चालतं असं नाही. सुट्टं घेतलंत तर किमतीवर 18 ते 20 टक्के सेवाशुल्क आपोआप चढतं. कबानाच्या माणसाला 20 ते 40 डॉलर द्या, त्यासाठी सुट्ट्या नोटा बडोद्यातूनच न्या.

इथवर मी एकाच बाजूने बोललो, तर दुसरी बाजूही. सासू-सासरे येत नसते तर मी तुम्हाला घेऊ नका म्हटलं असतं. चाळिशीतलं जोडपं आणि दोन मुलं यांनी ते पैसे कोकोकेच्या वॉटरपार्कच्या तिकिटांना घालावेत, ती वेगळी घ्यावी लागतात आणि मुलं तिथून बाहेर येत नाहीत. किंवा शिंपल्यासारखं उघडणारं छत असलेली दोघांची बैठक घ्यावी. जिथे मिळते तिथे साधारण 40 ते 60 डॉलर पडतात, आणि तिची एक खुबी कबानालाही नाही: सूर्य सरकला की ती फिरवता येते. पण तीही बुटकी, म्हणून म्हाताऱ्यांना उपयोगाची नाही. खासगी बेट सोडून बहामाजच्या राजधानीत, नासाउला, जहाजाकडून काहीही भाड्याने घेऊ नका, तिथे सार्वजनिक किनारे आहेत आणि खुर्ची-छत्रीचा भाव जागेवर करता येतो.

वादळांचा हंगाम 1 जून ते 30 नोव्हेंबर. दिवाळी त्याच्या शेपटात येते, त्यामुळे बेट रद्द होण्याची शक्यता धरूनच चला. डिसेंबर ते मार्चमध्ये थंड हवेची लाट उत्तरेकडून येते, तेव्हा धक्का असलेल्या बेटांवरही जहाज लागत नाही आणि लागलं तरी पाण्यात उतरवत नाही. अशा दिवशी कबाना वाऱ्यापासून आडोसा म्हणून कामाला येते, पण त्यासाठी 450 डॉलर मी देणार नाही.

आणि अमेरिकेचा व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा आहे ना, बघून घ्या, मायामीत परत उतरायचं आहे.

मिस्टर तरीही "तिथे गेल्यावर बघू" म्हणाले तर मोसमात तिथे गेल्यावर रिकामी कबाना मिळत नाही, हे त्यांना सांगा. आणि अकरा वाजता आई-बाबांना जहाजावर घेऊन कोण परत जाणार, ते नाव आत्ताच त्यांच्याकडून कागदावर लिहून घ्या.