गो, वेंट, गॉन आणि आपलं जातो, गेला

'प्ले'चं 'प्लेड' होतं, मग 'गो'चं 'वेंट' कसं, असं तुमच्या लेकीनं विचारलंय. 'इंग्रजीत असंच असतं, पाठ कर' असं कृपा करून सांगू नका. फार नेमकी शंका आहे तिची.

'वेंट' हे मुळात 'गो'चं रूपच नव्हे. ते 'वेंड' या दुसऱ्याच क्रियापदाचं. सेंड-सेंट, बेंड-बेंट, तसं वेंड-वेंट. अर्थ वळणे, त्यावरून वाट धरणे. जुन्या इंग्रजीत 'गो'च्या भूतकाळाला 'एओदे' म्हणत, आणि गंमत म्हणजे तोही शब्द 'गो'पासून झालेला नव्हता. पुढे तो मागे पडला आणि पंधराव्या शतकाच्या सुमारास त्याच्या जागी 'वेंट' येऊन बसलं. 'वेंड'ला मग स्वतःसाठी 'वेंडेड' असं नवं रूप करून घ्यावं लागलं. स्कॉटलंडच्या स्कॉट्स भाषेत मात्र 'गे'चं 'गेड' होतं, म्हणजे तुमच्या लेकीला हवं तसंच!

आता तिला उलट विचारा: बसतो-बसला, उठतो-उठला, मग जातो-'जाला' का नाही? आपणही तेच केलंय. 'जातो' आलं संस्कृत 'या' धातूवरून, 'गेला' आलं 'गम्'च्या 'गत'वरून. हिंदीतलं जाता-गया तसंच. घरात रोज बोलतो म्हणून आपल्याला ते खटकत नाही, इतकंच.

'गम्' आणि 'गो' कानाला सारखे लागतात, पण त्यांचं नातं नाही. 'गम्'चं खरं भावंड इंग्रजी 'कम'. संस्कृतातल्या 'ग'च्या जागी इंग्रजीत अनेकदा 'क' सापडतो: गो म्हणजे गाय, तिकडे 'काऊ', युग म्हणजे जोखड, तिकडे 'योक'. बैलाच्या मानेवरचं आपलं 'जू'ही त्याच 'युग'पासून आलेलं. मला स्वतःला ही जोडी सगळ्यांत आवडते.

वापरात मुलं अडखळतात ती 'गॉन'पाशी. 'ही हॅज गॉन टू नाशिक' म्हणजे तो नाशिकला गेलाय, अजून परतला नाही. जाऊन आला असेल तर 'ही हॅज बीन टू नाशिक'. वाक्य लिहिण्याआधी तिला मराठीत विचारा, 'गेलाय की जाऊन आलाय?' उत्तर ती बरोबर देईल.